अंगावर काढलेलें दुखणें

आपल्या मराठी भाषेंत एक वाक्प्रचार इतका रोजच्या वापरांतला आहे कीं, त्याच्या अर्थाकडे आपलें लक्षच जात नाहीं. घरांतील एखादी स्त्री आजारी पडते, आणि कोणास कांहीं न सांगतां पुन्हां कामास लागते. तेव्हां आपण म्हणतों, तिनें दुखणें अंगावर काढलें. या बोलण्यांत थोडें कौतुकहि असतें. सोशिक बाई, कधीं तोंडांतून ब्र काढीत नाहीं, असें आपण अभिमानानें सांगतों. आज मला ज्या रोगाविषयीं बोलावयाचें आहे, तो रोग नेमका या कौतुकावर पोसला जातो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हें त्याचें नांव.

हा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाहीं, असें कित्येकांस वाटेल. त्यांच्या संकोचाचा मला अनादर करावयाचा नाहीं; परंतु या संकोचाची किंमत किती पडते, तेवढें एकदां पाहून घ्यावें. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्थेनें २०२२ या सालाचा जो अंदाज प्रसिद्ध केला आहे, त्याप्रमाणें त्या एका वर्षांत भारतामध्यें सुमारें १ लक्ष २७ हजार स्त्रियांस हा रोग नव्यानें जडला, आणि सुमारें ८० हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. आपल्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत १८ लक्षांवर होती. देशाच्या सरासरीनें साधें त्रैराशिक मांडलें, तर जिल्ह्याच्या वांट्यास वर्षाला दीडशांहून अधिक नवे रुग्ण येतात. हा केवळ हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरी त्याचा अर्थ असा कीं, जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत, आपल्या नऊ तालुक्यांत, दर आठवड्यास दोन-तीन घरांवर हें संकट कोसळत असावें. त्यांतील बहुतेक घरांत तें टळण्यासारखें असतें, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

दुखणें येतें हत्तीच्या पावलानें आणि जातें मुंगीच्या पावलानें, अशी म्हण आहे. या रोगाची चाल मात्र उलटी आहे. तो येतोच मुंगीच्या पावलानें. गर्भाशयास आपल्या बायका 'पिशवी' म्हणतात. या पिशवीच्या तोंडावर जी पातळ त्वचा असते, तिच्या पेशींत प्रथम किंचित् बदल होतो. तो बदल कर्करोग नव्हे. त्याचा कर्करोग होण्यास बहुधा दहा, पंधरा, कधीं वीस वर्षें लागतात. आणि पुष्कळदां तो बदल आपोआप नाहींसाहि होतो. एवढ्या दीर्घ काळांत दुखत नाहीं, खुपत नाहीं, ताप येत नाहीं. याच काळांत तोंड तपासलें, तर बदललेला भाग थंडीनें वा उष्णतेनें नष्ट करतां येतो, किंवा विजेच्या तारेनें कापून काढतां येतो. या उपायास बहुधा कांहीं मिनिटें लागतात, आणि स्त्री त्याच दिवशीं घरीं जाते. मनुष्याच्या शरीरांत जे कर्करोग होतात, त्यांत इतकी लांब मुदत देणारा आणि इतक्या सहज पाहतां येणाऱ्या जागीं सुरू होणारा रोग विरळा. असें असून ८० हजार स्त्रिया मरतात, तें औषध नाहीं म्हणून नव्हे. वेळेवर कोणीं पाहिलें नाहीं म्हणून.

या रोगाचें कारणहि आतां चांगलें कळलें आहे. इटलींतील व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी चाळतांना रिगोनी-स्टर्न नांवाच्या वैद्यास १८४२ सालीं असें आढळलें कीं, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक आणि मठांतील जोगिणींत फार थोडा. त्याचा उलगडा होण्यास पुढें जवळजवळ दीड शतक जावें लागलें. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ व १९८४ सालीं या रोगाच्या गांठींतून ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे सोळावा व अठरावा हे दोन प्रकार वेगळे काढले. जगांतील असे सुमारें सत्तर टक्के कर्करोग या दोन प्रकारांमुळें होतात. या शोधासाठीं त्सुर हाउझेन यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा विषाणु शरीरसंबंधांतून पसरतो. एवढें ऐकतांच कित्येक घरांत संशयाची पाल चुकचुकेल, म्हणून येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, हा विषाणु अतिशय सर्वसामान्य आहे. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांस तो आयुष्यांत केव्हां तरी गांठतो, आणि बहुतेकांच्या शरीरांतून एक-दोन वर्षांत निघूनहि जातो. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरांत तो ठाण मांडून बसतो, त्यांनाच धोका असतो. तेव्हां हा रोग म्हणजे कोणाच्या शीलाचा दाखला नव्हे. एकनिष्ठ पतिपत्नींच्या घरींहि तो होतो. ज्या घरांत बाईच्या रोगाची चौकशी करण्यापूर्वीं तिच्या वर्तनाची चौकशी होते, त्या घरांतील बाई दुखणें अंगावर काढील, नाहीं तर काय करील?

आतां मी आपणांस आपल्याच मुलखांतील एक मोठी हकीकत सांगणार आहें. परभणीच्या दक्षिणेस लातूर ओलांडलें कीं धाराशिव जिल्हा लागतो. तोच पूर्वीचा उस्मानाबाद. त्याला लागून सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी हें गांव. बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ सालीं तेथें, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्यानें, बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ खेड्यांची कर्करोग-नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीं देशांत अशी नोंदवही त्यापूर्वीं नव्हती. शहरांत नोंद करणारा मनुष्य रुग्णालयांत बसून रोग्यांची वाट पाहूं शकतो. खेड्यांत रोगी रुग्णालयाची पायरी चढतच नाहींत. म्हणून येथील कार्यकर्ते गांवोगांव फिरले, ओसरीवर बसले, कोणास काय होतें तें विचारूं लागले, आणि विचारतां विचारतां या रोगाचीं लक्षणेंहि सांगूं लागले. मोजणीच्या निमित्तानें झालेल्या या बोलण्याचा परिणाम असा झाला कीं, पूर्वीपेक्षां अधिक स्त्रिया लवकरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या. निव्वळ बोलण्यांत किती शक्ति असते, याचें हें प्रमाण आहे.

या नोंदवहींत स्त्रियांच्या कर्करोगांत पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा लागला. तेव्हां पुढचा प्रश्न उभा राहिला: जेथें डॉक्टर दूर, रस्ते कच्चे आणि बायकांना फुरसत नाहीं, अशा ठिकाणीं आयुष्यांतून एकदांच तपासणी करतां आली, तर ती कोणती करावी? हा प्रश्न साऱ्या जगांतील गरीब देशांचा होता. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं १९९९ सालीं बार्शीचें रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्था यांनीं मिळून धाराशिव जिल्ह्यांत एक प्रचंड प्रयोग आरंभिला. डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. शास्त्री, श्रीमती कस्तुरी जयंत हे त्यांतील प्रमुख. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १ लक्ष ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यांत सामील झाल्या, आणि गांवांच्या गटांप्रमाणें त्यांचे चार भाग पाडण्यांत आले.

पहिल्या भागांतील स्त्रियांची विषाणूसाठीं तपासणी झाली. दुसऱ्या भागांत डॉ. पापानिकोलाऊ यांची सुप्रसिद्ध पद्धति वापरली. म्हणजे तोंडावरील पेशी कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाच्या. तिसऱ्या भागांत सर्वांत स्वस्त उपाय योजिला: सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यांत असतें तेंच, कापसाच्या बोळ्यानें लावावयाचें आणि मिनिटभरानें नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाचें, बदललेली त्वचा असेल तेथें पांढरा डाग उमटतो. चौथ्या भागांतील स्त्रियांस रोगाची माहिती सांगितली, कोठें जावें तें सांगितलें. तपासणीची योजना मात्र त्यांच्यासाठीं नव्हती. पहिल्या तीन भागांत सुमारें चार-पंचमांश स्त्रिया प्रत्यक्ष तपासणीस आल्या. खेड्यांतील बाई येणार नाहीं, लाजेल, भिईल, असें म्हणणाऱ्यांस धाराशिवच्या बायकांनीं दिलेलें हें उत्तर आहे. घरीं जाऊन नीट समजावून सांगितलें, तर ती येते.

आठ वर्षें लक्ष ठेवल्यानंतर निष्कर्ष २००९ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. विषाणु-तपासणीच्या गटांत ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकीं या रोगानें ३४ मेल्या. ज्यांची तपासणी झाली नाहीं, त्या गटांत ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांपैकीं ६४ मेल्या. पुढच्या अवस्थेस गेलेले रोगी पहिल्या गटांत ३९, तर दुसऱ्यांत ८२. आयुष्यांतील एकाच तपासणीनें मृत्यूचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. सूक्ष्मदर्शकाच्या गटांत ५४ व सिरक्याच्या गटांत ५६ स्त्रिया मेल्या. म्हणजे या दोन पद्धति एकदांच वापरल्यानें मोठासा फरक पडला नाहीं. आणखी एक गोष्ट: विषाणु नाहीं असा निर्वाळा ज्यांना मिळाला, त्यांच्यांत पुढील आठ वर्षांत रोग होण्याचें प्रमाण लाखांत दरसाल चारहूनहि कमी निघालें, इतर दोन तपासण्यांत निर्दोष ठरलेल्यांत तें पंधरा-सोळा होतें.

सिरक्याची पद्धति टाकाऊ आहे, असा मात्र याचा अर्थ करूं नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्रानें १९९८ पासून दुसरा प्रयोग केला. दीड लक्षांहून अधिक स्त्रिया, आणि तपासणाऱ्या त्याच वस्त्यांशीं परिचित अशा, थोडें शिक्षण देऊन तयार केलेल्या आरोग्यसेविका. तेथें तपासणी एकदां करून थांबले नाहींत. दर दोन वर्षांनीं अशी चार वेळां केली. या रोगाचे मृत्यु एकतीस टक्क्यांनीं घटले. तात्पर्य असें कीं, साधन साधें असेल तर पुन्हां पुन्हां पाहावें, आणि साधन सूक्ष्म असेल तर एकदां पाहिल्यानेंहि पुष्कळ साधतें. न पाहणें हेंच काय तें घातक.

येथें मन थोडें अस्वस्थ होतें, आणि तें झालेंच पाहिजे. ज्या स्त्रियांची तपासणी झाली नाहीं, त्यांचें काय? या प्रयोगांतील अशा गटांविषयीं पुढें शास्त्रज्ञांत व नीतिज्ञांत मोठा वाद झाला. कोणी म्हणालें, तपासणीनें प्राण वांचतात हें ठाऊक असतां इतक्या स्त्रियांस तिच्यावांचून ठेवणें अन्याय्य होतें. कोणी म्हणालें, या देशांत त्या वेळीं कोणत्याच खेड्यांत तपासणी नव्हती. प्रयोगानें त्यांच्याजवळचें कांहीं काढून घेतलें नाहीं. या वादाचा निकाल मी देऊं इच्छीत नाहीं. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य होईल. धाराशिव जिल्ह्यांतील त्या ६४ स्त्रियांच्या मरणांतून जें ज्ञान निघालें, त्याच्या आधारानें जगभर धोरणें ठरलीं. आणि तें ज्ञान आपल्याच उंबऱ्याच्या आंत आलें नाहीं, तर त्यांच्या मरणाचें ऋण आपल्यावर राहील. तें ऋण अद्याप फिटलेलें नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं अशी तपासणी जन्मांत एकदां तरी झालेल्या स्त्रिया शंभरांत दोनहि भरल्या नाहींत.

ज्ञान न आलें तर त्याची जागा रिकामी राहत नाहीं. तेथें भीति येऊन बसते. गोदावरीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत, हेंहि आपण पाहिलें. दसरा-दिवाळीनंतर हजारों जोडपीं ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एक दिवसाचा खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. त्यामुळें अंगावरून जात असलें तरी बाई फडांत उभी असते. २०१९ सालीं असें उघडकीस आलें कीं, या स्त्रियांत पिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया भलत्याच मोठ्या संख्येनें झाल्या आहेत. शासनानें श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणींत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतील कित्येक चाळिशीच्या आंतल्या होत्या. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, असें आपणांस सांगण्यांत आलें, अशी हकीकत त्यांच्यापैकीं अनेकींनीं दिली.

श्रोतेहो, या दोन जिल्ह्यांच्या हकीकती एकमेकींशेजारीं ठेवून पाहा. एकीकडे कॅन्सर होईल म्हणून न तपासतां निरोगी अवयव कापून टाकला जातो. दुसरीकडे कॅन्सर झालेला असतां न तपासल्यामुळें तो वाढत राहतो. दोहोंचें मूळ एकच. पांढरें जाणें म्हणजे कॅन्सर नव्हे. तें पुष्कळदां साध्या जंतुदोषानें होतें आणि औषधाच्या गोळ्यांनीं बरें होतें. पिशवीबरोबर अंडकोशहि गेले, तर तरुण वयांतच पाळी संपल्याचे सारे परिणाम भोगावे लागतात, हाडें ठिसूळ होतात. म्हणून कोणीं पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर तपासणीचा कागद मागावा, आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचें मत घेतल्याखेरीज होकार देऊं नये.

आतां थोडें लशीविषयीं. वर सांगितलेल्या विषाणूच्या प्रमुख प्रकारांवर लस निघाली आहे, आणि ती विषाणु शरीरांत शिरण्यापूर्वीं, म्हणजे नऊ ते चौदा या वयांत मुलींना देणें सर्वांत चांगलें. या लशीच्या इतिहासांतहि आपल्या भागाचा वांटा आहे. २००९ सालीं देशांतील नऊ केंद्रांत दोन मात्रा पुरेत कीं तीन लागतात, हें पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. बार्शी, पुणें व मुंबई हीं त्यांतलीं केंद्रें. अन्य राज्यांत चाललेल्या वेगळ्या लसीकरण-प्रकल्पांत कांहीं मुलींचे मृत्यु झाल्यावरून वादळ उठलें. ते मृत्यु लशीनें झाले असें चौकशींत ठरलें नाहीं, तरी २०१० सालीं शासनानें लसीकरण थांबविलें. त्यामुळें सुमारें पांच हजार मुलींस केवळ एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनीं त्या मुलींस सोडलें नाहीं. दहा वर्षें पाठपुरावा केल्यावर, २०२१ सालीं असें जाहीर झालें कीं, सोळाव्या व अठराव्या प्रकारांच्या चिकट संसर्गापासून एका मात्रेनेंहि सुमारें पंचाण्णव टक्के संरक्षण मिळतें, आणि तें दोन-तीन मात्रांच्या तोडीचें आहे. पुढील वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोवळ्या वयांत एक मात्राहि चालेल असें मान्य केलें. अपघातानें अपुऱ्या राहिलेल्या कामांतून साऱ्या जगाचा खर्च कमी करणारें ज्ञान निघालें. पुण्याच्या सीरम संस्थेनें तयार केलेल्या 'सर्व्हावॅक' या देशी लशीस २०२२ सालीं परवानगी मिळाली. लस घेतलेल्या मुलीनेंहि मोठेपणीं तपासणी करून घ्यावयाचीच. लस सर्व प्रकारांवर चालत नाहीं.

तर आपण करावें काय? तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीनें, कांहीं होत नसतांना, तपासणी करून घ्यावी. शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीस ते पासष्ट या वयांत दर पांच वर्षांनीं सिरक्याची तपासणी सांगितली आहे. ती शिकलेली परिचारिका करूं शकते. विषाणु-तपासणीची सोय असेल तर ती अधिक चांगली. तिचा नमुना स्त्री स्वतःच आडोशास जाऊन घेऊं शकते, त्यामुळें संकोचाचें कारणहि उरत नाहीं. शरीरसंबंधानंतर रक्त दिसणें, दोन पाळ्यांच्या मध्यें रक्त जाणें, पाळी कायमची गेल्यावर पुन्हां डाग दिसणें, दुर्गंधीयुक्त पाणी जाणें, यांपैकीं कांहींहि घडलें तर पुढच्या सणाची, पेरणीची वा लग्नसराईची वाट पाहूं नये; त्याच आठवड्यांत दाखवावें. पाळी गेलेल्या वडील स्त्रिया आपला यांत आतां कांहीं संबंध नाहीं असें समजतात. त्यांनींच अधिक जपावयास हवें.

सुशिक्षित घरांतील पुरुषांस माझें विशेष सांगणें आहे. घरची मोटर नीट चालत असली तरी आपण ती ठराविक मुदतीनें दाखवून आणतों. आईस, पत्नीस, वहिनीस, "तुमची तपासणी झाली का?" असें विचारणें अवघड वाटत असेल, तर तारीख ठरवून सोबत जावें, विचारण्याचा प्रश्नच उरणार नाहीं. आणि भगिनींनो, आपण आपली तपासणी करून आलांत, कीं आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईसहि घेऊन जा. तिचा त्या दिवसाचा खाडा धरूं नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवास प्लास्टिकचा डबा लुटण्याऐवजीं एखाद्या परिचारिकेस बोलावून अर्धा तास या विषयावर बोलूं दिलें, तर तें वाण सर्वांत मोलाचें ठरेल. बार्शीच्या कार्यकर्त्यांनीं ओसरीवर बसून जें केलें, तें आपल्या दिवाणखान्यांत करण्यास कसली अडचण आहे?

आपल्या आजीनें दुखणें अंगावर काढलें. तिच्यापाशीं दुसरा उपाय नव्हता. आईनें काढलें, तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आपल्याजवळ उपायहि आहे आणि आतां सांगून झालेंहि आहे. या पुढें घरांतील कोणी बाई दुखणें अंगावर काढीत असेल, तर त्यास तिचा सोशिकपणा म्हणूं नये. त्यास आपलें दुर्लक्ष हेंच नांव आहे.